छोटं लष्करी घड्याळ, पण कशाचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या बाजारात, भंगारात, नाहीतर घरातल्या ट्रंकेच्या तळाशी काळ्या तबकडीचं तळहाताएवढं घड्याळ सापडतं. मागे एखादा बाण, काही अक्षरं, एक लांबलचक नंबर. लोक लगेच विचारतात, "कोणत्या कंपनीचं असेल?" हा प्रश्न शेवटी विचारला तरी चालतो. लष्कराने घड्याळं अनेक कारखान्यांतून घेतली आणि एकाच कारखान्याने विमानाला, जहाजाला, मोटारीला घड्याळं पुरवली. त्यामुळे नाव कळलं तरी काम कळत नाही. हे घड्याळ कशावर बसवलं होतं आणि त्याकडे बघून माणूस काय मोजत होता, हे आधी शोधावं. त्यासाठी लागणारी बरीचशी माहिती घड्याळाच्या अंगावरच असते.

घड्याळ हातात आल्यावर सगळ्यात आधी काय करू?

काहीच करू नका. पुसू नका, चावी भरू नका, उघडू नका. समोरून, मागून, कडेने आणि तिरप्या उजेडात असे फोटो काढा. तिरपा उजेड महत्त्वाचा आहे, कारण ठोकून उमटवलेले आकडे रंगाखाली बुजलेले असतात आणि सरळ प्रकाशात दिसत नाहीत. शेजारी पट्टी ठेवून व्यास मोजा. मागची मळकी कागदी चिठ्ठी किंवा शाईचा शिक्का ब्रासोच्या पहिल्याच हातात जातो आणि त्याबरोबर निम्मी ओळखही जाते.

हे खरंच घड्याळच आहे ना?

हसण्यावारी नेऊ नका. तोफगोळ्यांच्या आणि बॉम्बच्या काही फ्यूजमध्ये, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या भागात, आत खरोखर घड्याळाचं यंत्र असतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ब्रिटनवर टाकलेल्या बॉम्बमधला १७ क्रमांकाचा फ्यूज घड्याळावर चालायचा आणि स्फोट ७२ तासांपर्यंत लांबवू शकायचा. तोफगोळ्याचा यांत्रिक टाइम फ्यूज दिसतो निमुळता, पितळी किंवा ॲल्युमिनियमचा. खालच्या बाजूला जाड आटे असतात आणि अंगाभोवती सेकंदांच्या खुणा कोरलेली फिरती कडी असते. त्याला ना काटे, ना काच, ना चावी.

असं काही दिसलं तर कडी फिरवू नका, आटे उघडू नका आणि पिशवीत घालून पोलीस ठाण्यात तर मुळीच नेऊ नका. जिथे आहे तिथेच ठेवा, लोकांना लांब करा आणि ११२ वर फोन करा. तोफखान्याच्या सराव मैदानांच्या आसपास भंगार वेचणाऱ्यांच्या हाती असल्या वस्तू लागतात. "एवढी वर्षं पडून आहे, आता काय होणार" हा तर्क इथे लावायचा नाही.

आणखी एक खूण नंबरात सापडते. नाटो पद्धतीच्या साठा क्रमांकातले पहिले चार आकडे वस्तूचा वर्ग सांगतात. ६६४५ म्हणजे वेळ मोजण्याची साधनं. १३९० दिसलं तर मात्र हात मागे घ्या, कारण तो फ्यूज आणि प्रायमरचा वर्ग आहे.

तबकडीवर पिवळट-तपकिरी रंगाचे आकडे आहेत. रेडियम असेल का?

१९६० च्या आधीचं लष्करी घड्याळ असेल आणि आकड्यांवर असा जाडसर लेप असेल, तर रेडियम आहे असंच धरून चाला. अंधारात चमकत नाही म्हणून ते सुरक्षित ठरत नाही. चमकायचं काम झिंक सल्फाइडचं होतं, ते काही वर्षांत थकतं. त्याला ऊर्जा पुरवणाऱ्या रेडियम-२२६ चं अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षं आहे. १९४० सालचं रेडियम आजही जवळजवळ तेवढंच शिल्लक आहे.

काचेआड बंद असलेलं घड्याळ कपाटात ठेवलं तर घाबरण्यासारखं फार नाही. उशाशी ठेवू नका आणि हवाबंद डब्यात अशी अनेक घड्याळं कोंबू नका, कारण रेडियमपासून रेडॉन वायू सुटतो. खरा धोका आहे तो लेपाची भुकटी नाकातोंडात जाण्याचा. म्हणून काच काढून काट्यांवर ब्रश फिरवणं, फुंकर मारणं, लेप खरवडणं हे वर्ज्य. काच फुटलेली असेल तर घड्याळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाजूला ठेवा आणि हात साबणाने धुवा. किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर हाताशी असेल तर शंका तिथेच मिटते. भारतात किरणोत्सर्गी पदार्थांवर देखरेख करणारी संस्था म्हणजे मुंबईतल्या अणुशक्तीनगरचं अणुऊर्जा नियामक मंडळ. लेप सुटायला लागलेली वस्तू टाकून द्यायची असेल तर ती कचऱ्यात न टाकता त्यांना विचारावं.

तबकडीवर वर्तुळातलं इंग्रजी टी हे अक्षर असेल तर लेप ट्रिटियमचा, म्हणजे दुसऱ्या एका किरणोत्सर्गी पदार्थाचा आहे. त्याचं अर्धायुष्य १२ वर्षांच्या आसपास, म्हणजे जुन्या घड्याळात आता त्याचा जोर फारसा उरलेला नसतो.

लष्करी आहे हे कशावरून ठरवायचं?

सगळ्यात ओळखीची खूण ब्रिटिश बाणाची: तीन रेषांचा, वर टोक असलेला, पक्ष्याच्या पावलासारखा दिसणारा. ही सरकारी मालमत्तेची खूण आहे. एकटा बाण एवढंच सांगतो की वस्तू सरकारी होती. शेजारच्या अक्षरांनी देश कळतो. बाण सी अक्षराच्या पोटात असेल तर कॅनडा, दोन डी अक्षरांच्या मधे असेल तर ऑस्ट्रेलिया, यू अक्षरात असेल तर दक्षिण आफ्रिका. बाणासोबत आय असेल तर भारत, आणि महाराष्ट्रातल्या घरांत सापडणाऱ्या वस्तूंवर ही खूण मुद्दाम शोधावी. दोन बाण टोकाला टोक लावून उमटवलेले असतील तर ती वस्तू सेवेतून काढून रीतसर विकलेली आहे. म्हणजे चोरीचा माल नाही, हेही समजतं.

मुकुटही बोलतो. ए.एम. या अक्षरांवर मुकुट असेल तर ते ब्रिटनचं हवाई मंत्रालय. ते १९१८ ते १९६४ या काळात होतं, त्यामुळे घड्याळ त्यानंतरचं नाही. मुकुटाच्या कमानी वर गोलाई घेऊन बसल्या असतील तर तो राजाचा मुकुट. मधे खोलगट झाल्या असतील तर राणीचा, म्हणजे १९५३ च्या सुमारापासून पुढचा. आर.आय.ए.एफ. ही अक्षरं मिळाली तर काळ फारच आखूड होतो, कारण भारतीय हवाई दलाच्या नावाआधी 'रॉयल' हा शब्द १९४५ मध्ये लागला आणि जानेवारी १९५० मध्ये गेला. अशोकस्तंभ असेल तर त्यानंतरचं.

जर्मन घड्याळांवर एफ.एल. आणि पाच आकडे असतात. एफ.एल. २३८८३ हा विमानातल्या दिशादर्शकाच्या (नॅव्हिगेटरच्या) ५५ मिलिमीटरच्या मनगटी घड्याळाचा क्रमांक आहे, कॉकपिटमधल्या घड्याळाचा नव्हे. विक्रेते दोन्हींची सर्रास गल्लत करतात.

मागे लांबलचक नंबर आहे. तो कसा वाचू?

ब्रिटिश हवाई दलाच्या जुन्या नंबरांत सुरुवातीचा भाग भांडाराचा विभाग सांगतो. ६ए म्हणजे विमानातली उपकरणं, आणि वैमानिकासमोरच्या उपकरणांच्या पाटीवर बसवलेलं घड्याळ बहुधा याखाली मिळतं. ६बी मध्ये दिशादर्शनाची साधनं आणि मनगटी घड्याळं येतात. १९४८ नंतरचं प्रसिद्ध मार्क ११ हे मनगटी घड्याळ ६बी/३४६ आहे. डब्ल्यू१० म्हणजे भूदल, ०५५२ म्हणजे नौदल. 'पॅट.' आणि नंतर आकडे असतील तर तेही नौदलच. एच.एस. ३ असेल तर जलसर्वेक्षण विभागाचं, जहाजाच्या डेकवर वेळ नेण्याचं घड्याळ.

साठा क्रमांक असेल तर वर सांगितलेले पहिले चार आकडे बघा. ६६४५ असेल तर घड्याळ म्हणूनच नोंद आहे. ६६१० म्हणजे उड्डाणाची उपकरणं, ६६६० म्हणजे हवामानाची, ६७२० म्हणजे स्थिरचित्रांचे कॅमेरे. कॅमेऱ्याच्या वर्गातलं घड्याळ बघून गोंधळू नका, त्याबद्दल पुढे आहे. चार आकड्यांनंतरचे दोन आकडे देशाचे: ९९ ब्रिटन, १२ जर्मनी, १४ फ्रान्स, ०० किंवा ०१ अमेरिका. अमेरिकी वस्तूवर देशाचे दोन आकडे नसून एकूण ११ आकडेच असतील तर ती १९७४ च्या आधीची नंबरपट्टी. त्या वर्षी तिथे १३ आकडी पद्धत आली.

नंबरपट्टीचं वय आणि घड्याळाचं वय एकच असतं असं मात्र नाही. दुरुस्तीच्या वेळी ही पट्टी बदलते, तबकडी बदलते, कधी आतलं सगळं यंत्रच बदलतं.

पण काम? विमानातलं, गाडीतलं की जहाजावरचं, ते कसं कळणार?

तबकडी सोडा आणि घड्याळ उलटं करून ते बसवायची सोय बघा. माझ्या मते ओळखण्याच्या कामातलं निम्मं यश इथेच आहे, आणि लोक नेमका याच बाजूचा फोटो पाठवत नाहीत.

विमानाच्या पाटीतली उपकरणं ठरावीक भोकांत बसतात. पाश्चिमात्य विमानांत दोन मापं रूढ आहेत, ३⅛ इंच आणि २¼ इंच, म्हणजे जवळपास ७९ आणि ५७ मिलिमीटर. घड्याळाच्या पोटाचा व्यास यांतल्या एकाशी जुळला आणि समोरच्या चौकोनी किंवा गोल पट्टीला कोपऱ्यात स्क्रूची भोकं असली, तर विमानाचा संशय बळकट होतो. चावीचं बटण समोरच्या बाजूला, खाली किंवा कोपऱ्यात असतं, कारण पाटीच्या मागे हात जात नाही. बटण मोठं आणि खरखरीत असेल तर ते हातमोजे घातलेल्या बोटांसाठी.

मोटारीच्या घड्याळाला मागे दोन खिळे आणि यू आकाराची पट्टी असते, ती मागून आवळतात. वायर जोडायचं टोक आणि १२ व्होल्ट असा शिक्का असेल तर बहुतेक साधी मोटारच, लष्कराची असो वा सावकाराची. विमानाची विद्युत यंत्रणा साधारण २७-२८ व्होल्टची.

जहाजाचं घड्याळ भिंतीला लागतं. मागे पसरट कडी, त्यात स्क्रूची भोकं, काचेला बिजागर, कधी कुलूप. ही सहसा मोठी असतात. तळहातात मावणारं असेल तर छोट्या बोटीचं असू शकतं. दुसऱ्या महायुद्धात पितळ वाचवण्यासाठी अमेरिकी नौदलाने काळ्या बेकेलाइटच्या केसेस वापरल्या, त्यामुळे हलकी प्लास्टिकसारखी केस दिसली म्हणून नकली समजू नका. मॅसॅच्युसेट्समधल्या चेल्सी कंपनीच्या घड्याळावर अनुक्रमांक असेल तर नशीब समजा. तिच्या जुन्या नोंदी अनुक्रमांकावरून शोधता येतात.

खिळे नाहीत, भोकं नाहीत, फक्त मोठं खिशातलं घड्याळ आणि त्याला वाजवीपेक्षा लांब दांड्याचं बटण? तबकडीवर 'थर्टी अवर, नॉन ल्युमिनस, मार्क फाइव्ह' असं इंग्रजीत लिहिलंय का बघा. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरने ही स्विस घड्याळं विमानांच्या पाटीवर खोबणीत बसवली होती. खोबण गेली, घड्याळ उरलं, आणि आता ते आजोबांचं पॉकेट वॉच म्हणून ओळखलं जातं.

तबकडीवरून काय काय समजतं?

तबकडी म्हणजे त्या माणसाच्या कामाची आखणीच. थोडं सावकाश बघू.

चोवीस तासांची तबकडी: तासकाटा दिवसातून एकच फेरी मारतो. समुद्रावर, पाणबुडीत, तळघरातल्या नियंत्रण कक्षात, जिथे बाहेर दिवस की रात्र ते दिसत नाही किंवा वेळ ग्रीनिचची लावलेली असते, तिथलं हे घड्याळ.

तबकडीच्या कडेला तांबडे पट्टे, १५ ते १८ आणि ४५ ते ४८ मिनिटांच्या दरम्यान: ओळख इथेच संपली. हे जहाजाच्या बिनतारी खोलीचं घड्याळ. त्या तीन-तीन मिनिटांत ५०० किलोहर्ट्झवर कोणी संदेश पाठवायचा नाही, फक्त ऐकायचं, म्हणजे बुडणाऱ्या जहाजाची क्षीण हाक गोंगाटात हरवू नये. शून्य ते तीन आणि ३० ते ३३ मिनिटांचे हिरवे पट्टे असतील तर ते २१८२ किलोहर्ट्झच्या बोलण्याच्या वारंवारतेसाठी. काही तबकड्यांच्या अगदी बाहेरच्या कडेला चार-चार सेकंदांच्या लाल रेघा आणि मधे एक-एक सेकंदाची फट असते. आपोआप घंटा वाजवणारा धोक्याचा संकेत हाताने पाठवायची वेळ आली तर सेकंदकाट्याकडे बघत रेघेपुरती कळ दाबून धरायची आणि फटीपुरती सोडायची. फेब्रुवारी १९९९ मध्ये उपग्रहाधारित यंत्रणा पूर्णपणे लागू झाली आणि या घड्याळांचं काम गेलं. ही व्यापारी जहाजांवरही असत, त्यामुळे पट्टे दिसले म्हणजे नौदलच असं नाही. गुजरात किंवा कोकणच्या किनाऱ्यावरून आलेल्या मालात ही दिसली तर ती बहुधा भंगारात निघालेल्या जहाजांची.

एकाच मध्यावर दोन जादा काटे, बहुधा लाल, जे स्वतःहून हलत नाहीत: निघायची वेळ लावून ठेवायची सोय. पायलट उड्डाणाच्या क्षणी ते चालू काट्यांवर आणून ठेवायचा आणि नंतर दोन्हींतल्या फरकावरून किती वेळ हवेत आहोत हे बघायचा. इंधन किती उरलं याचा अंदाज त्यावरच असे.

सेकंदांऐवजी किलोमीटर किंवा यार्ड लिहिलेले: हे स्टॉपवॉच आहे आणि ते अंतर मोजतं. हवेत आवाज तीन सेकंदांत जवळपास एक किलोमीटर जातो. तोफेचा झोत दिसला की सुरू करायचं, धडाका ऐकू आला की थांबवायचं, काटा थेट अंतर दाखवतो. आकडे यार्डांत आणि सेकंदांच्या मानाने फारच मोठे असतील तर हिशोब पाण्यातल्या आवाजाचा, कारण पाण्यात तो सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. अशी घड्याळं पाणबुडी शोधणाऱ्यांची.

आणि शेवटचं, ज्याने सगळ्यात जास्त लोक अडतात: नाण्याएवढी छोटी तबकडी, ठळक काळं-पांढरं, रेडियमचा लेप नाही, पट्टा नाही, दिसेल असं बसवायची सोय नाही. असं घड्याळ माणसाला बघायचंच नव्हतं. ते हवाई सर्वेक्षणाच्या कॅमेऱ्याच्या आत बसवलेलं असे आणि प्रत्येक फोटोच्या कडेला उंची, पातळी आणि अनुक्रमांकाबरोबर त्याचीही छबी फिल्मवर उमटायची, म्हणजे चित्र किती वाजता घेतलं हे कायमचं नोंदलं जाई. कॅमेऱ्याच्या वर्गातल्या घड्याळाचं कोडं ते हेच.

रशियन अक्षरं असलेलं, आत दोन छोट्या तबकड्यांचं घड्याळ मिळालंय. हे काय?

बहुधा ए.चे.एस.-१, सोव्हिएत विमानांतलं नेहमीचं घड्याळ, चेल्याबिन्स्कच्या कारखान्यातलं. आपल्याकडे हे सापडलं तर आश्चर्य वाटायला नको. मिग-२१ आपल्या हवाई दलात १९६३ मध्ये आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं. मधल्या काळात त्यांची बांधणी नाशिकजवळच्या ओझरला झाली. सोव्हिएत मालवाहू विमानं आणि हेलिकॉप्टरंही इथे भरपूर होती.

ओळख पटवायची तर हे जवळून बघा. मुख्य काटे साध्या वेळेचे. वरची छोटी तबकडी उड्डाणाच्या वेळेची, तिच्यात एक बारीक खिडकी. डावं बटण दाबलं की खिडकीत लाल रंग येतो, म्हणजे मोजणी चालू. परत दाबलं की अर्धा लाल अर्धा पांढरा, म्हणजे थांबली. तिसऱ्यांदा पांढरा, काटे शून्यावर. तेच डावं बटण फिरवून चावी भरायची आणि ओढून वेळ लावायची. खालची छोटी तबकडी स्टॉपवॉचची, ते उजव्या बटणाने चालतं, आणि उजवं बटण फिरवलं तर सगळं घड्याळच थांबतं. "चालत नाही" म्हणून स्वस्तात विकलेली कित्येक घड्याळं फक्त या उजव्या बटणाने बंद केलेली असतात. घासाघीस करण्याआधी ते हलक्या हाताने फिरवून बघायला हरकत नाही.

मागची दोन टोकं घड्याळ चालवण्यासाठी नाहीत. ती २७ व्होल्टच्या हीटरची. उंचावरच्या थंडीत तेल गोठू नये म्हणून यंत्राला ऊब द्यायची ती सोय. घरी त्याला वीज जोडायचा मोह टाळा.

याच कारखान्याचं साधं, छोट्या तबकड्या नसलेलं घड्याळ मिळालं तर रणगाड्यात किंवा लष्करी वाहनात बसवलेलं असू शकतं.

तबकडीवर 'एट डेज' लिहिलंय. म्हणजे आठवड्याचं घड्याळ?

एकदा चावी भरली की आठ दिवस चालतं, एवढाच अर्थ. विमानांत, जहाजांवर, मोटारींत सगळीकडे ही असत, त्यामुळे यावरून काम ठरत नाही.

ना काटे, ना तबकडी. नुसतं चावीचं यंत्र आणि पितळी नळकांडं. तरी लष्करी?

हे हवामानाचं साधन असण्याची शक्यता मोठी. दाब किंवा तापमान कागदावर नोंदवणाऱ्या यंत्रात नळकांड्यावर कागद गुंडाळतात, आतलं घड्याळ ते नळकांडं दिवसातून किंवा आठवड्यातून एकदा फिरवतं आणि शाईचा टाक रेघ ओढत राहतो. विमानतळांवर आणि तोफखान्याच्या हवामान पथकांत अशी यंत्रं लागत. पुण्यात मात्र असं घड्याळ निघालं तर आधी मुलकी शक्यता तपासा. हवामान खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून शिवाजीनगरला आलं, आणि पुणेकर त्या जागेला अजून शिमला ऑफिसच म्हणतात.

विकणारा 'स्पिटफायर' या ब्रिटिश लढाऊ विमानाचं घड्याळ म्हणतोय. खरं मानू?

विमानाचं नाव घड्याळावर लिहिलेलं नसतं. एकच नमुना बॉम्बर, फायटर आणि शिकाऊ विमानांत सारखाच बसायचा. म्हणून फार तर "त्या काळच्या ब्रिटिश विमानांत वापरला जाणारा नमुना" असं म्हणता येतं. विशिष्ट विमानाचा दावा कागदाशिवाय करणारा माणूस गोष्ट विकतोय. स्मिथ्स कंपनीची आठ दिवसांची घड्याळं युद्धाआधी मोटारींतही जात, ए.एम. आणि ६ए नसलेलं स्मिथ्स म्हणजे एखाद्या जुन्या मोटारीचा डॅशबोर्ड, हे गृहीत धरून किंमत बोलावी.

जर्मन गरुड असलेल्या घड्याळांबद्दल दुप्पट संशय धरा. साध्या सोव्हिएत घड्याळावर नवी तबकडी छापून 'जर्मन नौदल' करणं हा जुना धंदा आहे. तबकडीवरचं छापील काम भिंगातून कुरकुरीत आणि नवं दिसतं, केस मात्र मार खाल्लेली, आणि आतल्या यंत्राच्या पट्टीवर रशियन अक्षरं. 'रॉयल नेव्ही, लंडन' असं ठसठशीत कोरलेली चकचकीत पितळी घड्याळं आपल्याकडेच सजावटीसाठी बनतात. मागची चकती काढली की आत एक पेन्सिल सेल आणि क्वार्ट्झ यंत्र दिसतं. शोभेला छान आहेत, त्याच भावात घ्यावीत.

आत उघडून बघितल्याने फायदा होतो का?

बनवणारा कळतो, काम क्वचितच. आतलं यंत्र बहुधा मुलकी नमुन्याचंच असतं. रेडियम नाही याची खात्री असेल आणि मागची चकती आट्यांची असेल तर घड्याळजीकडून उघडवून घ्या. यंत्राच्या पट्टीवरचं नाव, मण्यांची (ज्वेलची) संख्या आणि जुन्या दुरुस्तीवाल्यांनी टोकदार सुईने कोरलेल्या तारखा यांचा फोटो घ्या. या कोरलेल्या तारखा सोन्यासारख्या: १९४३ ची तारीख कोरलेलं यंत्र १९४३ नंतर बनलेलं असूच शकत नाही.

चावी फिरत नाही किंवा फिरतच राहते. दुरुस्त करू?

फिरत नसेल तर जोर लावू नका. कमान (आतली स्प्रिंग) पूर्ण भरलेली असून तेल घट्ट झालेलं असतं. नुसतीच फिरत असेल तर कमान तुटलेली. दुरुस्तीला देताना घड्याळजीला दोन गोष्टी लेखी सांगा: तबकडीवर आणि काट्यांवर रंग मारायचा नाही, आणि बदललेला जुना भाग फेकायचा नाही, परत द्यायचा. रेडियम असेल तर तेही सांगा, बिचाऱ्याला कळायला मार्ग नसतो. पुन्हा रंगवलेली तबकडी भिंतीवर देखणी दिसते, पण संग्राहकाच्या लेखी तिची किंमत पडते आणि ओळखीचे धागेही तुटतात.

एकही खूण नाही. मग काय?

खूण नाही म्हणजे लष्करी नाही असं नाही, पण सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर आली. स्क्रूच्या भोकांची जागा, अंतर आणि पोटाचा व्यास मोजा आणि खऱ्या पाटीशी ताडून बघा. गोव्यात दाबोळी-बोगमाळ्याच्या बाजूला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, अहिल्यानगरला रणगाड्यांचं. तिथे जाऊन चालकाच्या किंवा वैमानिकाच्या समोरच्या पाटीवर घड्याळाची जागा कशी आहे, भोकं किती, बटण कुठे, हे डोळ्यांनी बघता येतं. रणगाड्यातलं घड्याळ कोणत्या उजेडात आणि किती धुळीत वाचायचं होतं हे तिथे उभं राहिल्यावर लगेच ध्यानात येतं.

एवढं करूनही जुळलं नाही तर चिठ्ठीवर "पाटीवर बसवायचं घड्याळ, बहुधा ब्रिटिश, काम अज्ञात" असं लिहून ठेवा. ठाम चुकीच्या नावापेक्षा पुढच्या माणसाला याचा उपयोग जास्त होतो.

मुंबईत घेतलेलं जुनं घड्याळ, पाठीवर 'वेस्ट एंड'. लष्करी धरू का?

ही कंपनी १८८६ मध्ये मुंबईत सुरू झाली, घड्याळं स्वित्झर्लंडमधली. तिचे गिऱ्हाईक सैनिक पुष्कळ होते, पण म्हणून प्रत्येक घड्याळ सरकारी होत नाही. सैनिकाने पगारातून घेतलेलं घड्याळ त्याचं खासगी. बाण आणि भांडाराचा क्रमांक असेल तरच सरकारी.

विकायचं किंवा परदेशी पाठवायचं असेल तर काही अडचण?

वय बघा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षं पूर्ण झालेली ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातलं मार्क फाइव्ह घड्याळ ही वयाची रेघ ओलांडून गेलेलं आहे. त्यामुळे परदेशी गिऱ्हाईक मिळालं तरी पाकीट बांधण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावशेष नाही' असा दाखला मिळतो का ते बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या घड्याळाला हा अडसर नाही. पण त्यावर रेडियम असेल तर ते साध्या पार्सलने गुपचूप पाठवू नका. किरणोत्सर्गी वस्तूंच्या वाहतुकीचे नियम वेगळे आहेत आणि कुरियरवाल्याला आधी सांगावं लागतं.